असं झालंच कसं

डॉक्टरांनी विचारलं होतं एवढंच, "पाजायला घरातलं आणखी कोण शिकणार?"

त्यांच्या हातात मऊ प्लास्टिकची, लांब निपलची बाटली होती. कॉटवरच्या बाळाचा वरचा ओठ मधोमध फाटलेला होता आणि आत टाळूलाही भेग होती. त्याला ओढून पिता येत नव्हतं. बाटली हळूहळू दाबत पाजायचं, एकेका खेपेला तासभर, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. काही महिन्यांनी ओठ शिवला की सोपं होईल. तोवर पोटावर टाके घेतलेल्या आईच्या एकटीच्याने हे निभणार नाही, असं डॉक्टर स्वच्छ सांगत होत्या.

खोलीत आईखेरीज तीन धडधाकट माणसं होती. बाळाचे आजोबा, आजी आणि बाप. एकाच्याही तोंडून "मी" निघेना. आजोबा खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "पण हे असं झालंच कसं?"

"चेहरा एकसंध तयार होत नाही आजोबा. दोन्ही बाजूंनी भाग पुढे येतात आणि मध्ये जुळतात. याचे जुळायचे राहिले. पोटात काही आहे हे आईलाही जेमतेम कळतं, तेव्हाच होऊन जातं हे. कुणाची चूक नाही यात."

इथे विषय संपायला हवा होता. संपतोय कसला. आजोबांचा उभा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेलेला.

"बरोबर," ते म्हणाले. "साच्यात दोन्हीकडून धातूचा रस येतो. मध्ये भेटायच्या आत गार झाला की सांधा धरत नाही. उष्णता कमी पडली असणार." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "फ्रीजमधलं पाणी फार प्यायची ही."

"पाण्याचं काय घेऊन बसलात," आजी म्हणाली. तिने अर्ध्या गावाचे कपडे शिवून दिलेले. "शिवणीला आत माया कमी सोडली की दोन तुकडे जुळतच नाहीत. कितीही ओढा. कापडच कमी पडलं हो. चिमणीएवढं जेवायची, मी किती सांगायचे."

बाळ कुरकुरायला लागलं. आईने त्याला थोपटलं. पहाटेपासून ती बसूनच होती, पाठीचा नुसता काटा ढिला झालेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा तरी बोलेल.

बोलला ना. तो शाळेत भूगोल शिकवतो, आणि शाळा सुटली तरी थांबत नाही.

"थांबा, मी सोपं करून सांगतो." कुणी मागितलं होतं? त्याने तिच्या पायांवरच्या चादरीवर दोन्ही तळवे टेकवले आणि एकमेकांकडे सरकवले. "हे दोन भूखंड समजा. सरकत सरकत आले, भिडले, की मध्ये डोंगर उभा राहतो. ही बघा घडी पडली. आणि नाहीच भिडले तर मध्ये समुद्र राहतो. यात दोष कुणाचाच नाही. प्रक्रियाच तशी आहे. लाखो वर्षं चालते."

चादर टाक्यांवर ओढली गेली तशी ती कळवळली. "तोवर याला कोण पाजणार?"

"अगं, मी समजावतोय त्यांना."

डॉक्टरांनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांना पुढच्या खोलीत जायचं होतं. "कोण शिकतंय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"शिकू हो, शिकू," आजोबा म्हणाले. "पण आधी कारण तर कळू दे. खोट कुठे आहे ते कळल्याशिवाय पुढे जायचं नसतं. आमच्यात पहिला नियम."

साप केव्हाच निघून गेला होता आणि तिघं मिळून भुई धोपटत होते. बाळाची कुरकुर आता रडण्यावर आली. फाटक्या ओठातून येणारं ते रडणं जरा वेगळंच होतं. आजीने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. जन्मल्यापासून तिघांपैकी एकानेही त्याला उचललं नव्हतं, हे आईला कधीचं दिसत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "असा खोटीचा माल निघाला की तुम्ही काय करायचात?"

"परत भट्टीत," आजोबा म्हणाले. सवयीने, पटकन. मग त्यांनी जीभ चावली.

"अहो, काय बोलता," आजी पुटपुटली. भूगोलाचे मास्तर चादरीवरची घडी हाताने सपाट करायला लागले.

आईने बाळ उचललं. एक हात पोटावर दाबून ती कॉटवरून उतरली, चार पावलं चालली आणि गाठोडं सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. चेहऱ्यावरचं फडकं बाजूला केलं. तो चेहरा त्यांनी अजून नीट पाहिलाच नव्हता.

"कसा झाला ते राहू द्या बाबा. झालाय तो. आता भूक लागलीय त्याला."

डॉक्टरांनी बाटली पुढे केली. आजोबांची बोटं जुन्या भाजल्याच्या डागांनी भरलेली, जाडजूड. त्यांत ती बाटली नीट बसेना. "बसवल्यासारखं धरा," डॉक्टर म्हणाल्या. "त्याने तोंड हलवलं की दाबा. थांबला की थांबा." पहिलं दूध नाकातूनच बाहेर आलं. आजोबांनी घाबरून वर पाहिलं. "येतं तसं. पुसा आणि पुन्हा द्या." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा बाटली लावली. मान खाली, कपाळाला घाम.

बऱ्याच वेळाने आजीला राहवेना. "मी काय म्हणते, माझ्या मावशीच्या सासरी एकदा..."

"गप बस जरा," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. "गिळतोय तो."