नाव वेगळ्या चिठ्ठीवर

या, असे पुढे सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. हरिकथा आपली रोजचीच. आज एका मुलाखतीची कथा सांगतो. तेवढी ऐका आणि मग घरी जा.

साल शहाऐंशी. खालापूरच्या रस्त्याला भातगिरणीच्या माडीवर कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देणारी एक कंपनी होती. मालक श्रीपतराव. दर महिन्याला मुलाखती व्हायच्या. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर घाटातल्या ठाकुरवाडीचा हिरामण बसला होता. गणिताचा पदवीधर. ही त्याची चौथी खेप. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

शेजारी कर्जतची जना. तिची तिसरी खेप.

"जप चाललाय काय रं?"

"व्हय. नावं घेतोय."

"घे बाबा. तुजा बाप कीर्तनकार, तुला शोभतंय." मग तिने आवाज खाली आणला. "पण तुला अजून कळलं नाय का? हा परीक्षा म्हणून आपल्याकडनं कामच करून घेतो. एकाला थोडं, दुसऱ्याला थोडं. मग सगळ्यांना घरी धाडतो. आत एक टायपिस्ट सोडला तर माणूस नाय."

हिरामणला कळलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या मामाने रसायनीच्या कारखान्यातून पाळ्यांचा नमुन्यादाखल छापलेला तक्ता आणला होता. त्यात एक रकाना होता. घाटातून गाडीने येणाऱ्या कामगाराला पावसाळ्यात सकाळची पाळी द्यायची नाही, कारण गाडी अडकते. हा रकाना हिरामणने पहिल्या मुलाखतीत आखला होता. घाटातल्या माणसाशिवाय तो सुचणार कुणाला? तक्त्याखाली नाव मात्र श्रीपतरावांचं.

त्याचे वडील चांगोबुवा कीर्तनातसुद्धा कधी आवाज न चढवणारे. त्यांनी तक्ता पाहिला. "अभंगाच्या शेवटच्या चरणातलं नाव खोडून यानं आपलं घातलं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"मग कशाला आलास परत?" जनाने विचारलं.

"नोकरी पायजे."

"लाज नाय वाटत? मला तर चारचौघांत या माणसाचं तोंड उतरलेलं बघायचंय. तेवढ्यासाठीच येते मी."

हिरामण हसला. "तुजं पुरं नाव काय गं? आणि गाव?"

"कशाला?"

"बाबांच्या सप्त्यात देवाला साकडं घालीन. या बाकावर भेटलेल्या सगळ्यांची नावं पाठ केलीत मी."

"जना कोंडीराम गायकवाड, भीमनगर, कर्जत. आमी बौद्ध. तुज्या देवाला चालंल का?"

"नाव हाय ना? मग चालतंय."

त्याने पुन्हा डोळे मिटले. दोन वेळा ओठ हलले. जनाने कपाळावर हात मारला.

आत श्रीपतराव खुर्चीत मागे रेलून बसले होते. "नाव पेपरवर लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. आमच्याकडे वशिला चालत नाही, म्हणून ही पद्धत."

हिरामणने चिठ्ठीवर नाव लिहिलं. साहेबांनी ती खिशात टाकली आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "हे वेगवेगळे भाग आहेत. सगळे जोडायचे आणि शेवटी तक्ता छापून यायला हवा. बघू जमतं का."

त्याला तीन तास लागले. शेवटचं पान नुसत्या आकड्यांनी भरलं होतं.

"हे आकडे कसले?"

"साहेब, यादी मोठी असली की लागतात. कामगार पाचशेच्या वर गेले की."

श्रीपतरावांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्यांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. "ठाकुरवाडीचे ना तुम्ही? मधाची पोळी काढायची सोडून इकडे कुठे वाट चुकलात?"

हिरामणच्या हातातलं पेन कडकन मोडलं. त्याने तुकडे खिशात घातले आणि हात जोडले. "नोकरी मिळंल ना, साहेब?"

"कळवू."

जनाने ते उघड्या दारातून पाहिलं. तो बाहेर आला तसं तिने तोंड फिरवलं. "हात जोडलेस? त्याच्या म्होरं? थू तुज्या जिनगानीवर!"

हिरामण जिना उतरला.

आठ दिवसांत खेदाचं पत्र आलं. टायपिस्टने प्रोग्राम मशीनवर चढवला, दहा नावं घालून चालवून पाहिला. तक्ता सुबक आला. श्रीपतराव खूश झाले.

महिन्याभराने रसायनीच्या कारखान्यात मोठं प्रात्यक्षिक ठेवलं. कारखान्याचे मोठे साहेब आले. शेजारच्या चार कारखान्यांचे साहेबही आले, कारण पसंत पडलं तर त्यांचंही काम श्रीपतरावांना मिळणार होतं. मागे भिंतीला टेकून कामगार उभे होते. त्यांत हिरामणचा मामा.

श्रीपतराव नवा कोट घालून आले होते. "यातली ओळ न् ओळ माझी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

छपाईयंत्र खडखडू लागलं. आठशे बारा कामगारांच्या पाळ्या झरझर छापल्या गेल्या. घाटाचा रकानासुद्धा. मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली. श्रीपतराव वाकून नमस्कार करत होते.

शेवटचा कामगार झाला. यंत्र मात्र थांबेना.

मोठ्या साहेबांनी कागद फाडून हातात घेतला. हिरामणच्या शेवटच्या पानावरचा एकेक आकडा अक्षर होऊन उमटत होता. अक्षरं इंग्रजी होती, बोली आपली. ते मोठ्याने वाचू लागले, "हे काम ज्यांनी केलं ते असे. ठमी शुक्रा दरवडा, कळंब. कान्हा हिरू मिसाळ, नेरळ." एकेक नाव, एकेक गाव. श्रीपतराव बटणं दाबत सुटले. एकतिसावं नाव जना कोंडीराम गायकवाड, भीमनगर, कर्जत.

त्याखाली शेवटची ओळ होती:

"हिरामण म्हणे, यांची आठवण ठेवा."