पहिल्या ओळीतलं नाव

“हा गजानन कोण?” कंपनीच्या वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

प्रसन्न समोरच्या कागदाकडे बघत राहिला. अमेरिकेत, सांता क्लारातल्या ऑफिसमधली ती काचेची खोली. बाहेरून जाणारे आत बघायचे आणि लगेच मान फिरवायचे. सकाळपासून पाच जण या खुर्चीवर बसून गेले होते. एकानेही तोंड उघडलं नव्हतं. आता त्याची पाळी होती.

कागद प्रसन्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अर्जाचा होता. सलग बारा तासांहून जास्त ड्यूटी नको, एवढीच मागणी. त्यांच्यातला राजाराम कामावरच चक्कर येऊन पडला, टेबलाच्या कोपऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, त्यानंतर तेवीस जणांनी मिळून केलेला अर्ज. तेवीसही जण व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. अशी माणसं सहसा अर्जबिर्जांच्या फंदात पडत नाहीत.

खाली तेवीस सह्या होत्या. आणि त्या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं होतं, श्री गजानन.

त्याचं असं झालं होतं. रविवारी सगळे प्रसन्नच्या घरी जमले. अर्ज सगळ्यांना पटला, पण पहिली सही करायला कोणी पुढे येईना. पेन टेबलभर फिरून परत आलं. एकाला नेमका तेव्हाच चहा हवा झाला, दुसऱ्याला बायकोचा फोन आला. शेवटी प्रसन्नने पेन उचललं आणि देवाचं नाव लिहून टाकलं. त्याचे वडील गावात कसलीही यादी करायला बसले की असंच करायचे. पहिला नंबर देवाचा, मग माणसांचा. तेलुगू, तमिळ मंडळींना वाचता यावं म्हणून त्याने इंग्रजीत लिहिलं.

“घ्या, झाली पहिली सही,” तो म्हणाला. “आता आपल्यातलं कोणीच पहिलं नाही.”

सगळे हसले आणि दहा मिनिटांत कागद भरला. प्रसन्नची स्वतःची सही सातवी होती.

वकीलबाईंना हे कुठून ठाऊक असणार? त्यांच्या मते ज्याचं नाव वर, तो पुढारी.

“इंडियात तो कुठल्या संघटनेत होता का?” त्यांनी विचारलं. “इथे त्याला कोणी पाठवलं?”

त्या चिडलेल्या नव्हत्या, खरोखर घाबरलेल्या होत्या. बाहेरून कोणीतरी येतो, गरीब बिचाऱ्या नोकरदारांची डोकी फिरवतो, आज अर्ज, उद्या संप. हे सगळं त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. एरवी प्रसन्नला हसू आलं असतं. पण आज नाही. गजानन हा देव आहे असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग लिहिलं कोणी? अकरा वर्षं तो ग्रीन कार्डच्या रांगेत उभा होता. मुलगी केया आठवीत होती. तिला मराठीत धड दोन ओळी लिहिता येत नव्हत्या, तिला घेऊन कुठे जायचं?

वकीलबाईंच्या शेजारी सत्यजित बसला होता. कंपनीचा डायरेक्टर, पण मूळचा पुण्याचा. गेल्याच गणपतीत प्रसन्नकडे येऊन त्याने घसा फोडून आरत्या म्हटल्या होत्या आणि पाच मोदक खाल्ले होते. गजानन कोण, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तरी तो गप्प होता, फोनशी चाळा करत बसला होता. हा आपल्याला वाचवतोय, असं प्रसन्नच्या मनात आलं आणि त्याला भरून आलं.

“ठीक आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तसाही तो आम्हाला सापडलाय. अख्ख्या कंपनीत एकच गजानन आहे, फिनिक्सच्या ऑफिसमध्ये. तीन महिन्यांपूर्वी आलाय. आज दुपारी त्याला काढतोय. तुम्ही जाऊ शकता.”

प्रसन्न उठला. दारापर्यंत गेला. सुटलो, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

तो माणूस त्याने कधी पाहिला नव्हता. तरी तो दिसायला लागला. तीन महिने म्हणजे घरात अजून सोफासुद्धा आला नसेल, गादी जमिनीवरच असेल. कुकरच्या शिट्टीवर शेजारी तक्रार करतात, हे बायकोला नुकतंच कळलं असेल. दुपारी त्याला आत बोलावतील आणि आपण काय केलं हे त्या बिचाऱ्याला जन्मात समजणार नाही. प्रसन्नला स्वतःची लाज वाटली. तो वळला आणि परत खुर्चीवर येऊन बसला.

“गजानन माणूस नाही,” तो म्हणाला. “आमचा देव आहे. ते नाव मी लिहिलं. अर्जही मीच टाइप केला. फिनिक्सच्या माणसाला सोडा.”

वकीलबाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला, तारीख टाकली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने सही केली. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. कागद घेऊन त्या निघून गेल्या.

खोलीत दोघंच उरले.

“तू फिनिक्सला फोन करशील ना?” प्रसन्नने विचारलं. “आत्ताच कर. दुपारच्या आत त्यांना कळायला हवं.”

सत्यजितने फोन खिशात ठेवला. त्याने मान वर केली नाही.

“फिनिक्सला गजानन नावाचं कोणी नाहीये यार,” तो म्हणाला. “मीच त्यांना सांगितलं, असं बोलून बघा, आमचा प्रसन्न गप्प बसणार नाही.”