आर्ची डोनलीचं खरं वय

लंबगोल चेंडू, शिवण उसवलेली.

मार्च संपता संपता, कारण नसताना खीर.

एका अर्जावर बापाची सही.

भिंतीवर फोटो: सुगत, १ जून १९९५ – ९ नोव्हेंबर २०१२.

न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या फुटबॉल क्लबला तीस मार्चपर्यंत मजकूर हवा होता, म्हणजे उद्या. अँझॅक डेला, पंचवीस एप्रिलच्या सैनिक स्मृतिदिनी, आर्ची डोनलीच्या नावाचा बोर्ड लागणार होता. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा शंभर वर्षांपूर्वीचा खेळाडू. मोठमोठ्या गड्यांच्या डोक्यावरून चेंडू झेलायचा. फ्रान्समध्ये, युद्धात गेला.

सुगतही याच क्लबात खेळायचा, म्हणून काम लहू गुरुजींकडे, त्याच्या वडिलांकडे आलं. सैन्यात जायला सतरा पूर्ण लागतात, अठराच्या आत पालकाची सहीही. सुगतने वाढदिवसालाच अर्ज भरला. पाच महिन्यांनी लष्करी सरावात नदीने त्याला ओढून नेलं.

गुरुजी सांगत होते, सुगतची धाकटी बहीण गौतमी लॅपटॉपवर इंग्रजी करत होती. आर्चीच्या वेळी वीस पूर्ण लागायची. अर्जावर वय वीस, चर्चच्या नोंदीत सतरा. खाली बापाची सही.

"बाबा, त्याच्या फादरच्या सहीचं कशाला? बोर्ड आर्चीचा आहे. तेव्हा कितीतरी लोकांनी तसंच केलं."

"बापाला ठाऊक होतं. लिही."

वातावरण हलकं करायला गौतमी म्हणाली, तुमचं तरी वय कुठे खरं आहे, निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. गुरुजी हसले नाहीत. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी लिहितील ती तारीख, आणि गावात गुरुजी तेच होते. पोर वर्षभर पुढे गेलं तर बिघडलं कुठे, असं तेव्हा वाटायचं, एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघरातून सुरेखा, त्यांची बायको, म्हणाली, "अहो, राहू द्या ना आता. त्या माणसालाही काळीज असेल."

"सही करताना कुठे होतं?"

गौतमीने वाक्य टाइप केलं. गुरुजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि सगळ्यात वर घ्यायला सांगितलं.

सुरेखाने खिरीच्या तीन वाट्या टेबलावर ठेवल्या, चौथी फोटोपाशी. आज काय आहे, असं गौतमीने दरवर्षीसारखं विचारलं. दरवर्षीसारखं सुरेखा एवढंच म्हणाली, खा, गार होईल.

सुगतचा जन्म २९ मार्च १९९६चा.