नवख्यासाठी रॉड

“पहिल्याच दिवशी जाड रॉड घ्याल तर हातही भाजेल आणि हौसही,” भंगारवाला म्हणाला. त्याने पाकिटातून अडीच मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड काढून मशीन बघायला आलेल्या बाईच्या हातात दिला. “हा गरीब रॉड. लगेच पेटतो, चुका पोटात घालतो. जुनं मशीन पारखायचं तर नवख्याने यावरच.”

वेल्डिंग मशीन गोदामासमोर मोकळ्यावर मांडलं होतं, वायर बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डात. हिरवा रंग अजून बोटाला लागत होता. काही करून मशीन आज दारातून घालवायचं, असं भंगारवाल्याने ठरवलं होतं.

“कुठलं हो हे?” बाईने विचारलं.

“एक कारखाना बुडाला, तिथलं. वरून रंग दिलाय, आतून खणखणीत आहे.”

बाईने मुखवटा तोंडावर धरला आणि रॉड पत्र्यावर टेकवला. तो चिकटूनच बसला. ओढता ओढेना.

“अहो ताई, खिळा ठोकताय का? काडेपेटीवर काडी ओढतो तसा ओढा.”

दुसऱ्या खेपेला ठिणग्या उडाल्या. पत्र्यावर कोंबडी चालून गेल्यासारखे डाग पडले. भंगारवाला मनातल्या मनात हसला. असं गिऱ्हाईक म्हणजे देवच पावला. मशीनची खोडही स्वतःचीच चूक समजेल.

“दुकानदार तर ७०१८ घ्या म्हणत होता,” बाई ओशाळून म्हणाली.

“तो मजबूत, पण नखरेल. जरा ओल लागली की बिघडला.”

“एक दाखवाल? मशीनला तो पेलतो का, तेवढं कळेल.”

“कोरडं पाकीट आत आहे. थांबा.”

तो गोदामात शिरला. मागच्या फळीवरून डबा काढत असताना लोखंडी दार लागलं. वारा असेल. मग बाहेर चर्र आवाज सुरू झाला. कढईत काहीतरी संथ तळलं जावं तसा, एकसारखा, कुठेही न तुटणारा.

“आत्ता जमलं बघा, ताई!” तो आतून ओरडला.

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, या वेळी दाराच्या खालच्या अंगाला.

भंगारवाल्याने येऊन दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. फटीतून तापल्या लोखंडाचा वास आत आला.

“ताई?”

“बसा निवांत, दादा. पोलीस निघालेत,” बाहेरून बाई म्हणाली. “याच मशीनवर मी पोरींना वेल्डिंग शिकवत होते, माझ्या शेडचं कुलूप तुटेपर्यंत.”