कोरडा डायपर

“चारला निघायचंय. आजही सोफा भिजवला बघ तुझ्या म्हाताऱ्याने!” दिगंबरराव दारातूनच ओरडले.

म्हातारा म्हणजे त्यांचा चौदा वर्षांचा कुत्रा, गुंड्या. वयामुळे झोपेत त्याची लघवी गळायची. दिगंबररावांच्या बायकोने, मृदुलाताईंनी त्याला गोळ्या सुरू केल्या, गोधडीखाली रबरी कापड घातलं, वरचेवर अंगणात नेलं. प्रयोगशाळेत नोकरी केलेली बाई. रोजची नोंद वहीत. महिनाभर गोधडी कोरडी होती, पण दुपारी नवऱ्याच्या पायाशी झोपला की सोफा हमखास भिजायचा. शेवटी दिगंबररावांनी हट्टच धरला, त्याला प्राण्यांच्या आश्रमात सोडून यायचं. ताईंनी काल डोळे पुसत होकार दिला.

गाडी खराब होऊ नये म्हणून आज, नवऱ्याचा डोळा लागल्यावर, त्यांनी गुंड्याला डायपर बांधला होता. निघण्यापूर्वी बदलावा म्हणून सोडला, तर कोरडा ठणठणीत! त्यांनी तो पुन्हा पुन्हा चाचपला. मग सोफ्यावर हात ठेवला. ओल अजून कोमट होती.

त्यांनी वर पाहिलं. पांढरी लुंगी नेसून झोपलेले दिगंबरराव आता निळ्या लुंगीत उभे होते.

“अहो…” त्यांनी कोरडा डायपर पुढे धरला.

“कुणाला सांगू नकोस गं,” ते पुटपुटले.

“याला सोडून आलो असतो आपण! आणि उद्या सोफा भिजला असता, तर?”

दिगंबररावांनी मान खाली घातली. गुंड्या रोजच्यासारखा त्यांच्याच पायाशी येऊन बसला होता.