मोदकपात्रातले बर्गर

शकुनबाईंनी नाकावरून पदर बांधून घेतला आणि खिम्याची पहिली चपटी वडी वाटीत दाबून बसवली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्या पहिल्यांदाच मांसाला हात लावत होत्या. तळमजल्यावरच्या लीना घोषने सकाळी न्यू मार्केटातून खिमा आणून दिला होता. मीठ-मिरी किती घालायची तेही तिनेच सांगितलं. पण हे वाफेवरचं प्रकरण आपल्यालाही ठाऊक नाही, असं म्हणून ती हसत खाली निघून गेली.

स्टोव्ह गॅलरीत मांडला होता. स्वयंपाकघरात हे चालणारच नव्हतं. स्टोव्हवर मोदकपात्र होतं, गणपतीच्या नैवेद्याखेरीज कधी फळीवरून न उतरलेलं. आज त्यात खिमा शिजला की ते देवाच्या कामातून कायमचं गेलं, हे शकुनबाईंना पक्कं माहीत होतं. गेलं तर गेलं. मोदकपात्र बाजारात दुसरं मिळतं.

चारुदत्त सहा वर्षांनी अमेरिकेहून आला होता आणि रविवारी परत जाणार होता. नऊ दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरत होता. पुरणपोळी अर्धी टाकायचा, वरणभात चिवडायचा आणि विचारलं की "छान झालंय" एवढंच म्हणायचा. त्याचे वडील श्यामराव रोज मराठी मंडळातल्या कुणाला तरी घरी बोलावून आपले इंजिनियर चिरंजीव दाखवत. तेव्हा तो खाली मान घालून बसे. केवढा विनय, म्हणून लोक कौतुक करत. शकुनबाईंना मात्र भीती वाटत होती. पोरगं आपल्यापासून तुटलंय, ह्या घरच्या अन्नावरून त्याचं मन उडालंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. जाण्याआधी एक घास तरी त्याने मनापासून खावा. तसाच गेला तर तो पुन्हा यायचा नाही.

त्याला काय आवडतं हे कुणाला विचारायची गरज नव्हती. त्याची पत्रं त्यांना पाठ होती. कॉलेजविषयी दोन ओळी, आणि पुढे दोन-दोन पानं त्या गावातल्या चीजबर्गरची. तिथे म्हणे ते तव्यावर भाजत नाहीत. वाफेने भरलेली कपाटासारखी पेटी असते, तिच्यात लहान लहान भांडी सरकवतात. काहींत मांस, काहींत चीज. चीज पातळ झालं की ते मांसावर ओतायचं आणि वर बन ठेवायचा. वाचून शकुनबाईंच्या तोंडाला कधी पाणी सुटलं नाही. पण मुलाच्या सुटत असणार. माणूस दोन पानं उगाच लिहीत नाही.

त्यांनी डब्यातलं चीज किसून वेगळ्या वाट्यांत घातलं, सगळ्या वाट्या चाळणीवर ठेवल्या आणि झाकण लावलं. मोदकांना देतात तेवढीच वाफ दिली. दुसरा हिशेब त्यांना येत नव्हता.

वासाने चारुदत्त गॅलरीत आला आणि दारातच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"तुझेच बर्गर," शकुनबाई म्हणाल्या. "पत्रात वाचून केलेत. जमले नसतील."

त्याने त्यांच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. झाकण पलीकडच्या बाजूने उचललं, त्यामुळे वाफ कुणाच्याच अंगावर आली नाही. वाटी तिरकी करून त्याने सुटलेली चरबी निथळली, वडी बनवर सरकवली, चीजची वाटी उलथन्याने एका दमात निपटून वर ओतली. मग दुसरी. मग तिसरी. तो खाली बघतसुद्धा नव्हता. शकुनबाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. चरबी निथळायची असते हे पत्रात कुठेच नव्हतं.

"बन वाफेवर धरलेस ना? नाही धरायचे," तो म्हणाला. "चिखल होतो. गिऱ्हाईक परत पाठवतं."

एवढं बोलल्यावर त्याचा हात थांबला. आत श्यामराव मंडळातल्या दिगंबरपंतांना चारुदत्तच्या कारखान्याबद्दल सांगत होते, ते गॅलरीत स्पष्ट ऐकू येत होतं. शकुनबाईंनी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"आणि कॉलेज?"

"दुसऱ्या वर्षी नापास झालो. घरी कळवायचा धीर झाला नाही."

"मग ती पत्रं?"

"दिवसभर जे करत होतो तेच लिहीत होतो. खरं असं दुसरं काही नव्हतं लिहायला."

शकुनबाईंना राग आला नाही. इतकी वर्षं पोराने हे एकट्याने सोसलं, आणि आपण त्याच्या पत्रांत जिभेचे चोचले वाचत बसलो, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं. नऊ दिवस तो मान खाली घालून बसला होता आणि आपण पुरणपोळ्या लाटत होतो. डोळ्यांतलं पाणी त्यांनी कोपराने पुसलं, कारण हात खिम्याचे होते.

"तुझ्या वडिलांना मी सांगते काय सांगायचं ते," त्या म्हणाल्या. "तू आधी खा. तिकडचा कसा असतो मला माहीत नाही, पण माझ्या हातचा एक खा." त्यांनी त्यातल्या त्यात बरा दिसणारा बर्गर उचलून त्याच्यापुढे धरला.

चारुदत्तने तो दोन्ही हातांनी घेतला आणि हलकेच परत ताटलीत ठेवला.

"दिवसाला दोनशे करतो, आई. पण एकदाही तोंडात घातला नाही. डमडम विमानतळावर निघताना तू मला शपथ घातली होतीस, मांस खाणार नाही म्हणून."