शेवटची बोली

ब्रिज खेळायला मला अश्विननेच शिकवलं. एकाने बोली लावली आणि बाकीचे तिघं पास म्हणाले, की डाव त्या बोलणाऱ्याच्या गळ्यात.

आमच्या घरातही हाच नियम. टीव्हीवर मॅच लागलेली असते, बाळ रडतं आणि मी म्हणते, "कुणीतरी घ्या त्याला." नवरा अश्विन, दीर आणि मॅचसाठी उमरठहून आलेले सासरे, तिघंही गप्प. मग मीच घेते.

आज शेवटच्या ओव्हरला बाळाने भोकाड पसरलं. मी तोंड मिटून लसूण सोलत राहिले.

"अगं, तो रडतोय," टीव्हीवरची नजर न काढता अश्विन म्हणाला.

दीर गप्प. सासरे गप्प.

"पास," मी म्हटलं.